पस्तीस पत्त्यांचा कॅट

शनिवारी सकाळी सातला चहा घेता घेता मी तो खोका उघडला. भांगरे सरांनी तो आदल्या दिवशी राजूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला होता. आत पत्त्यांचा एक कॅट होता, पस्तीस पत्ते, आणि वर चिठ्ठी: ‘कासार मॅडम, पहिली प्रत तुम्हाला. तुमच्यामुळे झालं.’

पत्ते सुरेख झाले होते. पुढच्या बाजूला सापाचा फोटो, मागे त्याचं नाव, विषारी की बिनविषारी, आणि खाली दोन ओळींची माहिती. मी एकेक पत्ता उलटत गेले. नाग, घोणस, फुरसं, धामण, नानेटी. शेवटचे दोन राहिले. एकावर काळा कुळकुळीत साप होता, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेषा. मागे लिहिलं होतं, ‘कवड्या. बिनविषारी. पालींच्या मागे घरात येतो. घाबरू नये.’ दुसऱ्यावर साधारण तसाच, पण तपकिरी. त्याच्या मागे, ‘मण्यार. अतिविषारी. चावलेलं दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं. ताबडतोब दवाखाना.’

मला सापांतलं काही कळत नाही. तरी ते शेवटचे दोन पत्ते मी बाजूला काढून ठेवले. मी लॅपटॉप उघडून सरांचं संकेतस्थळ काढलं. तिथे काळा साप मण्यार होता आणि तपकिरी कवड्या.

चहा तसाच राहिला.

आता हे पत्ते आणि ते संकेतस्थळ यांचा माझ्याशी काय संबंध, ते सांगायला हवं. मी तेव्हा संगमनेरला एका तंत्रनिकेतनात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळत होते, आणि फावल्या वेळात एक प्रोग्रॅम लिहीत होते. पत्त्यांचे खेळ बनवणाऱ्यांसाठी. आपण फक्त एका तक्त्यात माहिती भरायची, एका ओळीत एक पत्ता, आणि पत्ता कसा दिसावा ते एकदाच ठरवायचं. प्रोग्रॅम सगळे पत्ते मांडून, एका कागदावर नऊ, तीन-तीनच्या ओळींत, पुढच्या बाजू आणि पाठी असे छापायला तयार कागद काढून द्यायचा. त्याच तक्त्यातून संकेतस्थळही उभं राहायचं, प्रत्येक पत्त्याला एक पान. मी त्याचं नाव ‘कॅट’ ठेवलं होतं. परदेशातल्या लोकांना ते मांजर वाटलं आणि कोणीतरी त्यासाठी मांजराचं चित्रही काढून पाठवलं. ते मी ठेवून दिलं.

कॅट मुक्त होता. म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, आतला कोड उघडून बघावा, आपल्याला हवा तसा बदलावा आणि चूक सापडली तर सगळ्यांना दिसेल अशा जागी नोंदवावी. जगभरातली तीनचारशे माणसं तो वापरायची. मला फार अभिमान होता त्याचा. लग्न झालं नव्हतं, आईवडील गेले होते, भाऊ त्याच्या संसारात. माझ्याकडे लोकांना दाखवण्यासारखं जे काही होतं ते एवढंच होतं.

सोमनाथ भांगरे हे अकोले तालुक्यातल्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. सापही पकडायचे, पकडून जंगलात सोडायचे. त्यांच्या वर्गातली दुसरीतली एक मुलगी मण्यार चावून गेली होती. सकाळी पोट दुखतंय म्हणाली, घरच्यांनी ओवा दिला, आणि दुपारी ती गेली. तेव्हापासून मुलांना साप ओळखता यावेत म्हणून ते काही ना काही करत होते. माझ्या एका शिबिराला ते आले, मागच्या बाकावर बसले, आणि दोन दिवसांत कॅट वापरायला शिकले. पुढचे चार महिने त्यांनी तक्ता भरला. एकेका फोटोसाठी वनखात्याच्या लोकांना फोन केले. एकमेकांसारखे दिसणारे साप शेजारी शेजारी ठेवले आणि सगळ्यात फसवी जोडी मुद्दाम शेवटी. छापून झालेले तीस कॅट गुरुवारी आजूबाजूच्या तीन शाळांत, जिथे ते सापांचे तास घ्यायचे, वाटले होते.

मी फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

“सर, शेवटच्या दोन पत्त्यांच्या पाठी बदलल्यात.”

“शेवटच्या म्हणजे?”

“मण्यार आणि कवड्या.”

पलीकडे शाळेचा गोंगाट ऐकू येत होता. प्रार्थना चालू होती. सर गोंगाटापासून बाजूला आले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “म्हणजे मण्यारच्या पाठीवर बिनविषारी छापलंय.”

“हो.”

“मी तपासलं होतं मॅडम. कच्ची प्रत स्वतः तपासली. वेबसाइट तपासली.” ते थांबले. “नंतर तुमच्या कॅटच्या नव्या आवृत्तीत परत काढली ना, तेव्हा माझ्याकडून तक्त्यात काहीतरी खालीवर झालं असणार.”

त्या वाक्याला मी उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, “ते नंतर बघू. कॅट कुठे कुठे आहेत?”

भावाची जुनी मारुती घेऊन मी साडेआठला राजूरला पोचले. सर फाट्यावर उभे होते, हातात साप पकडायची हुक लावलेली काठी आणि खांद्याला पिशवी. चाळिशीचा माणूस, त्या सकाळी पन्नाशीचा दिसत होता. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, “एका शाळेचा फोन लागला. त्यांना सांगितलंय, कपाटातून काढू नका. दुसऱ्या दोन्हीकडे रेंज नाही.”

“शनिवार आहे. अकराला सुटतील.”

“म्हणून तर.”

नोव्हेंबर होता. भाताची कापणी चालू होती, रस्त्यावर जागोजागी पेंढे पसरलेले. मला गाडी जोरात घ्यायची होती आणि घेता येत नव्हती. सर खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, “या दिवसांत मण्यार घरात येते. कापणीमुळे उंदीर घराकडे वळतात, त्यांच्या मागे.” मग आणखी थोड्या वेळानं, “दिवसा ती गरीब असते. हातात धरली तरी कित्येकदा चावत नाही. त्यामुळेच माणूस फसतो.”

मी विचारलं, “दोन्हींतला फरक मुलांना कळेल का, पत्त्याशिवाय?”

“मण्यारचे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचं उलटं. मीच शिकवलंय तसं.” ते जरा थांबले. “पण मुलं छापलेल्यावर जास्त विश्वास ठेवतात. मीच तसं शिकवलंय.”

पहिल्या शाळेत दहाच्या दहा कॅट कपाटात होते. मुख्याध्यापकांनी ते मोजून दिले. सरांना तेवढ्यावर निघायचं नव्हतं. त्यांनी सातवीपर्यंतची मुलं पटांगणात बसवली आणि पत्ता उंच धरून सांगितलं, “मुलांनो, हा साप मण्यार आहे. विषारी आहे. मागे चुकीचं छापलंय. ही चूक माझ्याकडून झाली. कोणाला काय सांगितलंत घरी, ते आज दुरुस्त करा.” मुख्याध्यापक माझ्याकडे बघून सौम्यपणे म्हणाले, “होतं असं. माणूस आहे.” मी फळ्याशी उभी होते. मान हलवली.

दुसऱ्या शाळेतही तसंच झालं. तिथले शिक्षक मात्र चिडले. “भांगरे, गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर टाळ्या घेतल्या, आणि तपासलं नाही साधं? पोराबाळांचा प्रश्न आहे हा.” सरांनी हात जोडले. “बरोबर आहे तुमचं. माझी चूक.” त्या शिक्षकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मॅडम मॅडम केलं. मी पाणी प्यायले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “सर, तुम्ही सगळीकडे तुमची चूक तुमची चूक म्हणू नका.”

“मग कोणाची म्हणू?”

पुढे घाट लागला होता. मी गियर बदलला आणि रस्त्याकडे बघत राहिले.

माझ्या प्रोग्रॅमच्या सोबत एक कागद जायचा, सगळ्याच मुक्त प्रोग्रॅमसोबत जातो. हा प्रोग्रॅम जसा आहे तसा दिला आहे, कोणतीही हमी नाही, वापरून काही नुकसान झाल्यास लिहिणारा जबाबदार नाही. त्या घाटात मी ती वाक्यं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. एकदाही त्यांनी बरं वाटलं नाही.

तिसऱ्या शाळेत पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि शाळा सुटली होती. शेंगाळबाई नावाच्या शिक्षिका कुलूप लावत होत्या. सरांचं ऐकून त्यांनी मुकाट्यानं कुलूप परत उघडलं, कपाटातून कॅट काढून टेबलावर ठेवले.

“नऊ आहेत,” सर म्हणाले.

“दहावा रेश्माकडे.” बाईंचा हात तोंडाशी गेला. “रेश्मा गभाले, सातवीतली. गुरुवारी खेळात पहिली आली. म्हणून मीच बक्षीस दिला, घरी ने म्हटलं. काल शाळेत आली नाही. आज पण नाही.”

“काल पण नाही?”

“कापणीचे दिवस आहेत सर. मुलं येत नाहीत.”

सरांनी वाडीचं नाव विचारलं आणि ते ऐकून नुसती मान हलवली. तिथे फोन लागत नाही. रस्ता अर्ध्यावर संपतो.

गाडी एका आंब्याखाली लावून आम्ही चालायला लागलो. कापलेल्या खाचरांच्या बांधावरून वीसेक मिनिटांची वाट. सर पुढे, त्यांच्या मागे मी. त्यांना पळावंसं वाटत होतं हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं, पण माझ्यासाठी ते थांबत होते. एकदा मागे वळून म्हणाले, “दोन दिवस शाळेत आली नाही, त्याचा अर्थ काही नसतो मॅडम. कापणी आहे.” ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

वाडीत सात-आठ घरं. रेश्माचं घर कडेला, कुडाच्या भिंती, वर कौलं. अंगणात एक बाई सुपात भात पाखडत होती आणि तिच्या शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. सरांना बघून मुलगी उठून उभी राहिली, हसली आणि म्हणाली, “गुरुजी, मी सोमवारी येणारच होते.”

मी ओट्याच्या कडेला टेकले. सरांनी काठी कुडाला टेकवली. मग म्हणाले, “रेश्मा, तो कॅट आण बघू.”

ती आत जायला वळली आणि उत्साहानं म्हणाली, “गुरुजी, तुम्हाला दाखवायला मी साप पण ठेवलाय.”

सरांनी तिचा दंड धरला. “कुठला साप?”

“कवड्या. काल चुलीमागं निघाला. बाबा मारत होते. मी मारू दिला नाही.”

तिची आई सूप खाली ठेवून म्हणाली, “मी तर मण्यारच म्हनत व्हते गुरुजी. हिचा बाप काठी घेऊन धावला, तर ही आडवी पडली. पत्ता दाखवला त्याला. म्हनली, बाबा, गुरुजींनी छापलंय, बिनविषारी हाय, पाली खातो, मारला तर पाप लागंल. मग त्यो काय बोलनार. आमाला कुठं वाचाया येतं.”

“धरला कसा?” सरांचा आवाज अगदी शांत होता.

“हातानं,” रेश्मा म्हणाली. “काहीच नाही केलं त्यानं. गरीब आहे. मडक्यात ठेवलाय, वर फडकं बांधून.”

“रात्री घरातच होतं मडकं?”

“हो.”

सरांनी तिचे दोन्ही हात पुढे घेतले, उलटसुलट करून बोटं न बोटं पाहिली. मनगटं पाहिली. पोटात दुखतंय का, डोळे जड होतात का, विचारलं. ती गोंधळून नाही नाही म्हणत होती. मग त्यांनी मायलेकींना अंगणाच्या टोकाला उभं केलं आणि मला म्हणाले, “मॅडम, आत अंधार आहे. बॅटरी धराल का? मी सांगेन तिथेच उभं राहायचं.”

मी हो म्हटलं. मी घाबरट आहे. पालीलाही भिते. तरी नाही म्हणायची मला सोय नव्हती.

आत चुलीचा वास आणि भाताच्या पोत्यांचा वास. मडकं चुलीच्या मागे कोपऱ्यात होतं. फडकं वर होतं, पण दोरी एका बाजूनं सैल होऊन घसरली होती. सरांनी काठीच्या टोकानं फडकं उचललं. मी बॅटरी आत मारली.

मडकं रिकामं होतं.

“हलू नका,” सर म्हणाले.

मी जिथे होते तिथे उभी राहिले. बॅटरी मी दोन्ही हातांनी धरली. सर खाली बसून जमिनीलगत बघत होते. चुलीमागची लाकडं त्यांनी एकेक बाजूला केली. मग कणगीच्या मागे. मग पोती, एक एक, हळूहळू, पोतं उचलायचं आणि लगेच मागे व्हायचं. बाहेरून रेश्माचा आवाज आला, “गुरुजी, सापडला का?” सर पुढचं पोतं उचलत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं असतील. माझ्या पायाशी काहीतरी हललं आणि मी ओरडले नाही एवढंच. तो वाऱ्यानं सरकलेला पेंढा होता.

शेवटी भिंतीशी घडी करून ठेवलेल्या गोधड्या राहिल्या. पाच होत्या. सरांनी हुकानं वरची ओढून काढली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी अर्धी उचलली गेली, आणि घडीच्या आत, जिथे माणसाची मान येते तिथे, ती वेटोळं घालून बसली होती. काळी, चकचकीत. शेपटीकडे पांढऱ्या रेषा स्पष्ट होत्या.

“उजेड हलवू नका,” सर म्हणाले, आणि त्यांनी तिला हुकवर घेऊन पिशवीत कधी सोडलं ते मला दिसलंसुद्धा नाही. पिशवीचं तोंड बांधून झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

“या गोधड्यांवर झोपतात हे लोक,” ते म्हणाले. “आज रात्री.”

बाहेर आलो तर रेश्माचा बाप शेतावरून आला होता. किसन गभाले. हातात विळा, अंगाला भाताची कुसळं. बायकोनं त्याला सगळं सांगितलं असणार. त्यानं पिशवीकडे पाहिलं.

“मण्यारच का?”

“मण्यारच,” सर म्हणाले.

“पोरीनं हातात धरली व्हती गुरुजी. तुमच्या पत्त्याच्या भरवशावर.” तो आवाज चढवत नव्हता. “मी चार बुकं शिकलो न्हाई. पन मला ठावं व्हतं ती काय हाय ते. तरी मी काठी टाकली. का, तर गुरुजींनी लिवलंय.”

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. “किसनभाऊ, माझ्या हातून मोठी चूक झाली. तुम्ही जे म्हणाल ते…”

“चूक यांची नाही,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. वाडीतली आणखी दोनचार माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती.

“यांनी सगळं बरोबर लिहिलं होतं. हे पत्ते छापायला लावणारा प्रोग्रॅम माझा आहे. त्यात चूक होती. त्यानं पाठी बदलल्या.”

किसननं मला नीट पाहून घेतलं. शहरातली बाई, खांद्याला लॅपटॉपची बॅग. “मशीनची चूक म्हंजी.”

“मशीनची नाही. मी लिहिलेल्याची.”

“तुमाला ठावं व्हतं?”

एवढा सरळ प्रश्न मला त्या दिवसभरात कोणी विचारला नव्हता. तो साध्या चौकशीसारखा विचारला गेला होता. नाही म्हणणं फार सोपं होतं, आणि मला कोणी कधी पकडलंही नसतं.

“होतं,” मी म्हटलं.

मग मी सांगितलं. त्या लोकांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला, पण खरं तर सांगत होते सरांना, आणि त्यांच्याकडे बघत नव्हते. कॅटच्या नव्या आवृत्तीत मी एक बदल केला होता. कागदावरच्या शेवटच्या ओळीत दोनच पत्ते उरले तर ते छान मधोमध यावेत. त्या गडबडीत त्या दोघांच्या पाठी आपापसांत बदलायला लागल्या. पोलंडमधल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी मला ते कळवलं. त्यांचा कॅट भाज्यांचा होता, मुळ्याच्या पाठीवर गाजर आलं होतं. त्या हसल्या, मीही हसले. वीस मिनिटांत मी ते दुरुस्त केलं. पण दुरुस्ती माझ्याच लॅपटॉपमध्ये ठेवली, कारण संकेतस्थळाचं नवं रूप अजून पुरं व्हायचं होतं आणि मला सगळं एकदम, थाटात बाहेर काढायचं होतं.

आणि त्यानंतर चार दिवसांनी सरांचा छापखान्यातून फोन आला होता. मॅडम, पस्तीस पत्ते झाले, नव्या आवृत्तीत जोडाक्षरं काय सुंदर आलीत, अधिकारी येणार आहेत, सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार आहे. पस्तीस म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात हिशेब झाला होता. नऊ चोक छत्तीस. चौथ्या कागदावर आठ. शेवटच्या ओळीत दोन. तोंडाशी आलं होतं. पण ते इतके खुशीत होते, आणि माझ्या कॅटमध्ये चूक आहे हे त्या क्षणी त्यांना सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, एकदा तपासून घ्या हं. ते म्हणाले, तपासलंय. मी म्हटलं, मग झालं.

मी थांबले. कुठेतरी कोंबडी कुरकुरत होती.

“म्हंजी तवाच बोलला असता तर?” किसननं विचारलं.

“तर हे झालं नसतं.”

त्यानं विळा ओट्यावर ठेवला. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि बायकोला म्हणाला, “त्या गोधड्या समद्या बाहेर काढ. झाडून उन्हात टाक.”

रेश्मा आईच्या पदराशी उभी होती. तिच्या हातात कॅट होता, रबर लावून नीट बांधलेला. ती मला नाही, सरांना म्हणाली, “गुरुजी, मग बाकीचे पत्ते खरे की खोटे?”

“बाकीचे खरे आहेत.”

“कशावरून?”

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. “साप दिसला की पत्ता बघायचा नाही. लांब व्हायचं, आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. आई मण्यार म्हणाली ना, तर मण्यार समजायचं. पत्ते नंतर खेळायला.” तिनं कॅट त्यांच्या हातात दिला. देताना शेवटचे दोन पत्ते काढून स्वतः पाहिले, फोटो आणि पाठ, परत फोटो आणि पाठ, आणि मग ठेवले.

मण्यार आम्ही वाडीपासून लांब, ओढ्यापलीकडच्या रानात सोडली. येताना सर पुढे चालत होते, पण आता ते माझ्यासाठी थांबत नव्हते. गाडीत बसल्यावर तासभर एक शब्द नाही.

घाटाच्या माथ्यावर त्यांचा फोन वाजला. रेंज आली होती. त्यांनी तो बंद केला आणि म्हणाले, “गाडी थांबवा.”

मी थांबवली. मला वाटलं, ते इथेच उतरून जाणार.

“तुमची ती दुरुस्ती. अजून लॅपटॉपमध्येच आहे का?”

“हो.”

“इथून टाकता येईल?”

मी लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. त्यांनी त्यांच्या फोनचं इंटरनेट चालू करून दिलं आणि फोन हातात उंच धरून उभे राहिले, कारण खाली केला की रेंज जात होती. तीन वाजून गेले होते. संकेतस्थळाचं नवं रूप मी तसंच अर्धवट बाजूला ठेवलं आणि फक्त दुरुस्ती पुढे काढली. नवी आवृत्ती काढताना काय बदललं ते लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘पाठी जुळवण्यातली त्रुटी दूर केली.’

सर माझ्या खांद्यावरून वाचत होते.

“एवढंच?” ते म्हणाले.

मी ती ओळ पुसली. परत लिहायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते फोन धरून उभे होते, हात बदलत. कोणत्या तारखेपासून चूक होती, मला ती कधी कळली, मी किती दिवस गप्प बसले, आणि त्या दिवशी कोणाच्या गोधडीत काय निघालं, ते सगळं मी लिहिलं. नावं तेवढी लिहिली नाहीत, माझं सोडून. मग ज्यांनी ज्यांनी कॅट वापरत असल्याचं कळवलं होतं त्या प्रत्येकाला ते पाठवलं. लिहून झाल्यावर सरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं, आणि म्हणाले, “चला. घरी वाट बघत असतील.”

फाट्यावर उतरताना त्यांनी तीस कॅटचं पोतं माझ्या गाडीतून काढून घेतलं. मी म्हटलं, छपाईचं मी बघते, नवीन छापून देते. ते म्हणाले, “बघू.” काठी, रिकामी पिशवी आणि पोतं घेऊन ते गेले. मागे वळले नाहीत.

त्यानंतर वर्षभर त्यांचा फोन आला नाही. मी तीनदा केला, त्यांनी उचलला नाही. मधल्या काळात ठिकठिकाणच्या लोकांनी लिहिलं. एकानं औषधांचे पत्ते बनवले होते म्हाताऱ्या वडिलांसाठी. त्याच्या शेवटच्या ओळीत तीन होते, म्हणून वाचला. काहींनी कॅट वापरणं सोडलं. मी त्यांना अडवलं नाही. तेव्हापासून एक सवय लागली आहे: कोणीही, कितीही हसत, काही चुकलंय म्हणून कळवलं की मी आधी विचारते, तुमच्या पत्त्यांवर काय आहे?

पुढच्या दिवाळीनंतर एका दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. नाव बघून मी बाहेर व्हरांड्यात गेले.

“मॅडम, भांगरे बोलतोय.” मागे छापखान्याच्या यंत्राचा आवाज येत होता. “नवीन कॅट करतोय. विंचू, कोळी, गोम सगळं घेतलंय. रेश्मानं तक्ता तपासलाय दोनदा.”

“बरं,” मी म्हटलं.

“अडतीस पत्ते आहेत, म्हणजे शेवटच्या ओळीत परत दोनच,” ते म्हणाले. “अजून छापायला दिलेलं नाही. काय विचारायचंय ते आत्ता विचारा.”